चाळीस वर्षे उशिरा आलेले उत्तर

पर्ल बक हे नाव आमच्या पिढीच्या वाचकांना नवे नाही. 'गुड अर्थ' ही त्यांची चिनी शेतकऱ्याची कादंबरी ज्यांनी कॉलेजच्या वयात वाचली, त्यांना वांग लुंग आठवतो, त्याची मुकाट्याने राबणारी बायको ओ-लान आठवते, दुष्काळ आठवतो, टोळधाड आठवते. पण त्या घरात आणखी एक जण आहे. वांग लुंगची थोरली मुलगी. ती बोलत नाही. उन्हात बसून चिंधीशी चाळा करते आणि स्वतःशीच हसते. कादंबरीभर तिला नाव नाही. बाप म्हातारा होतो, श्रीमंत होतो, मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागतात. पण म्हाताऱ्याच्या जिवाला एक घोर लागून राहतो. आपल्यामागे हिचे कोण करणार?

ही मुलगी नुसत्या कल्पनेतून आलेली नव्हती. तशी एक मुलगी लेखिकेच्या स्वतःच्या घरात होती. तिचे नाव कॅरोल.

पर्लबाईंना १९३२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९३८ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. त्यांच्या नावावर कितीतरी पुस्तके जमा आहेत. तरीही त्यांच्या आयुष्याचा जमाखर्च मांडायचा म्हटले, तर पहिल्या पानावर कॅरोलचे नाव लिहावे लागते. आपल्या लेकीचे असे का झाले, हा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षे उराशी बाळगला. उत्तर मिळाले तेव्हा लेक चाळिशीत पोचली होती.

दोन देशांची मुलगी

पर्लचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात झाला. आईवडील ख्रिस्ती मिशनरी. रजेवर मायदेशी आले असताना ही मुलगी झाली आणि काही महिन्यांतच तिला घेऊन ते चीनला परतले. यांगत्से नदीकाठच्या चेनच्यांग गावात ती वाढली. तिला सांभाळायला वांग नावाची चिनी आया होती. त्या आयाकडून ऐकलेल्या भुताखेतांच्या आणि देवादिकांच्या गोष्टी तिच्या कानात कायमच्या बसल्या. इंग्रजीइतकीच चिनी तिच्या तोंडी रुळलेली.

तिच्या आईला सात मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. मूल गमावणे म्हणजे काय हे पर्लने फार लवकर पाहिले. १९०० साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर बंड पेटले तेव्हा ती आठ वर्षांची होती. कुटुंबाला शांघायला आसरा घ्यावा लागला. पुढे कॉलेजसाठी ती अमेरिकेत गेली आणि १९१४ मध्ये पुन्हा चीनला परत आली. १९१७ मध्ये तिने जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी लग्न केले. नवरा चिनी शेतीची पाहणी करीत गावोगाव हिंडे. त्या मुलखातली माणसे, त्यांची जमीन आणि त्यांची भूक पर्लने तिथेच जवळून पाहिली.

गोरीपान लेक

४ मार्च १९२० रोजी कॅरोल जन्मली. निळे डोळे, फिकट सोनेरी केस, नितळ गोरा रंग. जो येई तो बाळाचे कौतुक करी. बाळंतपणानंतर पर्लबाईंच्या गर्भाशयात गाठ असल्याचे दिसले. अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली आणि यापुढे मूल होणार नाही हे ठरून गेले.

बाळाच्या अंगावर पुरळ उठे, ते काही केल्या बरे होईना. चालणे लांबले. तीन वर्षांची झाली तरी बोलेना. आपल्याकडे अशा वेळी आजूबाजूच्या बायका जे सांगतात, तेच तिथल्या बायकांनीही सांगितले. काही मुले उशिराच बोलतात, काळजी करू नकोस. आईला ते ऐकायला हवेच असते. पण आईच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकलेली असते, तीही खोटी नसते.

१९२४ मध्ये नवराबायको अमेरिकेत आली, आणि पर्लबाई कॅरोलला घेऊन डॉक्टरांचे उंबरठे झिजवू लागल्या. शेवटी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी नक्की काही न सांगता थोडी आशा ठेवून बोळवण केली. बाहेर पडताना मात्र दुसऱ्या एका डॉक्टरने त्यांना थांबवले. त्याच्या बोलण्यात जर्मन वळण होते. ही मुलगी कधीच बरी होणार नाही, तिच्या मागे आपले आयुष्य आणि पैसा उधळू नका, असे त्याने तोंडावर सांगितले. त्या क्षणी ते शब्द सुरीसारखे लागले. पुढे पर्लबाईंनी त्या माणसाचे उपकार मानले. खरे बोलणारा तो एकटाच निघाला होता.

१९२५ मध्ये त्यांनी जॅनिस नावाची मुलगी दत्तक घेतली आणि चीनला परतल्या. १९२७ च्या मार्चमध्ये नानकिंगमध्ये सैनिकांनी परकीयांची घरे लुटली. पर्लबाई, त्यांचे वृद्ध वडील, दोन्ही मुली, सारे कुटुंब एका गरीब चिनी बाईच्या झोपडीत श्वास रोखून लपून राहिले. त्यातून सुटका झाली. पण अशा दिवसांत आपले काही बरेवाईट झाले तर कॅरोलकडे कोण पाहणार, हा प्रश्न आता टाळण्याजोगा उरला नव्हता.

दोन हजार डॉलरचे कर्ज

१९२९ मध्ये त्यांनी काळजावर दगड ठेवून नऊ वर्षांच्या कॅरोलला न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड येथील संस्थेत ठेवले. मतिमंद मुलांसाठीची ती नावाजलेली निवासी शाळा होती. पहिला महिना भेटायला यायचे नाही असा नियम. दाराशी गळ्यात पडलेल्या मुलीचे हात सोडवून निघताना आईचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

संस्थेचा खर्च मिशनरी नवऱ्याच्या पगारात भागणारा नव्हता. पर्लबाईंनी मिशनच्या मंडळावरच्या एका बाईंकडून दोन हजार डॉलर कर्जाऊ घेतले. दोन वर्षांची सोय झाली. बँकेत असताना मी कर्जाचे असंख्य अर्ज हातावेगळे केले. घर, बैल, पंप, मुलीचे लग्न अशी कारणे त्यांत असत. कादंबरी लिहून फेडीन, असे कारण कोणी लिहून आणले असते तर कोणत्याही शाखाधिकाऱ्याने अर्ज बाजूला ठेवला असता. पर्लबाईंनी मात्र नेमके तेच केले. नानकिंगला परतून घराच्या माळ्यावर बसून त्यांनी सुमारे तीन महिन्यांत 'गुड अर्थ' लिहिली. मार्च १९३१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत दोन वर्षे खपात अग्रभागी राहिली. कॅरोलच्या आयुष्यभराच्या खर्चाची तजवीज त्या नाव नसलेल्या मुलीच्या कादंबरीने केली.

पुढे संस्थेच्या आवारात कॅरोलसाठी आणि तिच्यासारख्या मुलींसाठी त्यांनी एक घर बांधून दिले. कॅरोलला संगीताचे वेड होते. ग्रामोफोन लागला की ती तासन्‌तास रमे.

त्या व्हाइनलंडचा आपल्या नागपूरशी एक धागा आहे. एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याच संस्थेत एक मोजपट्टी तयार केली. मूल आपल्या हाताने जेवते का, कपडे घालते का, एकटे रस्ता ओलांडते का, अशा साध्या गोष्टींवरून त्याची सामाजिक समज किती वाढली हे ठरवायचे. ए. जे. मालिन यांनी ही मोजपट्टी नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवून घेतली. आजही देशभर तिला नागपूरचे रूपांतर म्हणून ओळखतात आणि बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी ती वापरली जाते. आपल्या मुलाला घेऊन त्या तपासणीला बसलेल्या आईबापांना ठाऊक नसते, की या प्रश्नांचा उगम जिथे झाला त्या आवारात तेव्हा कॅरोल बक राहत होती.

ऑस्लोमधली दुसरी आई

त्याच सुमारास नॉर्वेत ऑस्लो शहरात बोर्गनी एगेलंड नावाची आई असेच डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत होती. तिची मुलगी लिव्ह आणि मुलगा दाग, दोघेही मतिमंद. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, त्याचा या आजाराशी संबंध असला पाहिजे, असे तिने धरून ठेवले होते. बहुतेकांनी तिचे बोलणे उडवून लावले. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी लावले नाही. ते डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रही शिकलेले होते.

फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले. रंग गर्द हिरवा झाला. असा रंग त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. मग कित्येक लिटर लघवी गोळा करून, महिनोन्‌महिने खपून, त्यांनी तो रंग आणणारा पदार्थ वेगळा काढला. नंतर मतिमंदांच्या संस्थांतल्या ४३० जणांची तपासणी केली, त्यांत आणखी आठ जणांत तोच पदार्थ सापडला. १९३४ मध्ये त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले. पुढे या विकाराला फिनाइलकीटोन्युरिया हे नाव पडले. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात पीकेयू म्हणतात.

हा विकार आहे तरी काय? आपण डाळ, दूध, अंडी, मांस खातो, त्यातल्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलानिन नावाचा एक घटक असतो. यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे दुसऱ्या उपयोगी घटकात रूपांतर करते. काही मुलांत हे विकर जन्मतःच काम करीत नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या गाड्या येत राहाव्यात आणि उतरवून घेणारे कोणीच नसावे, तशी गत होते. माल तुंबतो. रक्तात साठलेले हे फिनाइलअ‍ॅलानिन मेंदूच्या दाराशी एवढी गर्दी करते, की मेंदूला लागणाऱ्या दुसऱ्या घटकांना आत शिरायला वाव मिळत नाही. जे पुढे तयार व्हायचे त्याचाही तुटवडा पडतो, आणि त्यापासूनच केसांचा व कातडीचा रंग बनत असल्याने ही मुले भावंडांपेक्षा गोरी, फिकट केसांची दिसतात. कॅरोलच्या ज्या गोरेपणाचे सारे कौतुक करीत, ते या आजाराचेच लक्षण होते.

डिसेंबर १९३८ मध्ये पर्लबाई नोबेल स्वीकारायला स्टॉकहोमला गेल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा शेजारच्याच देशात चार वर्षांपूर्वी छापून झाले होते. त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

उत्तर आले तेव्हा

मधल्या काळात त्यांचे आयुष्य बदलले होते. १९३५ मध्ये पहिला विवाह संपला आणि त्यांनी आपले प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी लग्न केले. पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर दोघांनी आणखी मुले दत्तक घेतली. वॉल्श यांच्याच जॉन डे कंपनीने पंडित नेहरूंची पुस्तके अमेरिकेत काढली. पर्लबाई भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने तिथे उघडपणे उभ्या राहिल्या. देव आनंद आणि वहिदा रेहमान यांच्या 'गाइड'ची जी इंग्रजी आवृत्ती १९६५ मध्ये निघाली, तिची पटकथाही त्यांचीच. मिश्र वंशाची मुले दत्तक जात नाहीत हे पाहून १९४९ मध्ये त्यांनी वेलकम हाउस ही संस्था काढली.

एवढी प्रसिद्धी असूनही कॅरोलबद्दल त्यांनी वीस वर्षे जाहीरपणे मौन पाळले. अशा मुलांना लपवून ठेवण्याचाच तो काळ होता. १९५० मध्ये मात्र त्यांनी 'द चाइल्ड हू नेव्हर ग्रू' लिहून सारे उघड केले. असे मूल म्हणजे घराला लागलेला कलंक नव्हे, हे एका नोबेल विजेतीने छापून सांगितले, तेव्हा अमेरिकेतल्या हजारो घरांतला दाबून ठेवलेला हुंदका मोकळा झाला. पण आजार कोणता, हे त्या पुस्तकात नाही. त्यांनाच ते माहीत नव्हते.

१९६० च्या सुमारास कॅरोलची तपासणी होऊन पीकेयूचे निदान झाले. आईच्या हातून काही चुकले नव्हते. नवरा आणि बायको दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत मुलीकडे आली होती, इतकेच. विदर्भात हे गणित समजावून सांगायला नको, सिकलसेलने ते आपल्याला शिकवले आहे. आईबाप दोघेही निरोगी दिसणारे वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक.

तोपर्यंत जग पुढे गेले होते, आणि त्यालाही एक आईच कारण झाली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या इस्पितळात हॉर्स्ट बिकेल यांनी एका लहान मुलीला पीकेयू असल्याचे सिद्ध केले. तिची आई नुसत्या निदानावर समाधान मानीना. मुलीसाठी काहीतरी करा म्हणून ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअ‍ॅलानिन काढून टाकलेले खास अन्न तयार केले. मुलगी सुधारू लागली. हे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर सुकवून आजार ओळखण्याची स्वस्त पद्धत काढली. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता आणि पुतणीसारख्या जवळच्या नात्यातल्या एका मुलीला पीकेयू होता. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने नवजात बाळांची ही तपासणी कायद्याने लागू केली.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आहार सुरू झाला तर मूल इतर मुलांसारखेच वाढते, शिकते. कॅरोलला ती संधी चाळीस वर्षांनी हुकली.

मोठी झालेली मुले

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण वाचलेली मुले मोठी झाली, आणि नवा प्रश्न पुढे आला. सुरुवातीच्या काळात डॉक्टर सांगत, की सात-आठ वर्षांपर्यंत मेंदूची वाढ होऊन जाते, मग पथ्य सोडले तरी चालेल. अनेकांनी सोडले. पुढे एमआरआय यंत्रे आली. या तरुण माणसांच्या मेंदूचे फोटो काढले तेव्हा आतल्या पांढऱ्या भागात, विशेषतः मागच्या बाजूला, वेगळे पट्टे दिसले. मज्जातंतूंवर विजेच्या तारेसारखे एक वेष्टन असते, त्यात बिघाड झाल्याची ती खूण.

ही माणसे मतिमंद नव्हती. नोकऱ्या करीत होती, संसार करीत होती. पण बारकाईने चाचण्या घेतल्या तेव्हा काहींत विचारांचा वेग कमी आढळला. लक्ष टिकत नाही, दोन कामे एकदम हाताळताना गोंधळ होतो, आखणी जमत नाही, उगाच धास्ती वाटते, उदास वाटते. फोटोतले पट्टे आणि रोजच्या जगण्यातली अडचण यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही. ठळक पट्टे असलेला माणूसही आपले काम चोख करताना आढळतो. दिलासा देणारी गोष्ट ही, की पथ्य पुन्हा काटेकोर पाळून रक्तातले प्रमाण उतरवले, तर अनेकांच्या फोटोतले हे पट्टे काही महिन्यांत फिके होतात.

म्हणून आता सल्ला दिला जातो तो जन्मभराच्या पथ्याचा. मुलींच्या बाबतीत तर याला फार महत्त्व आहे. पीकेयू असलेली स्त्री पथ्य सोडून गरोदर राहिली, तर पोटातल्या बाळाला तो आजार नसला तरी आईच्या रक्तातल्या विषाने त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होऊ शकते.

पथ्य म्हणजे तरी काय? आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. वरण नाही, दूध-दही नाही, अंडे नाही, पोळी आणि भात मोजून. साबुदाण्याची खिचडी चालेल, पण दाण्याच्या कुटाशिवाय. उरलेली भूक महागड्या खास पावडरीवर भागवायची. काही रुग्णांना उपयोगी पडणारी औषधे २००७ नंतर आली आहेत, तरी पथ्याचा भार पूर्ण उतरलेला नाही. साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेम घातलेल्या शीतपेयाच्या डब्यावर बारीक अक्षरात एक सूचना असते. फिनाइलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी हे नाही, असे ती सांगते. तो अवघड शब्द आपण वाचत नाही. ज्याच्यासाठी तो छापलेला असतो, त्याला मात्र तो वाचूनच घोट घ्यावा लागतो.

आपल्या दाराशी

पीकेयू दुर्मीळ आहे. अमेरिकेत साधारण दहा ते पंधरा हजार जन्मांत एक. मग त्याची एवढी चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या टिपकागदावर पीकेयू सापडतो, त्याच कागदावरच्या रक्तात इतरही आजार सापडतात. बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतः काम करीत नसणे हा त्यांतला एक. आपल्या देशात तो हजार-अकराशे जन्मांत एका बाळाला असतो. वेळेत कळला तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर मूल चांगले वाढते, उशीर झाला तर बुद्धी कायमची खुंटते.

गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, नंतर केरळनेही केला. सिकलसेलसाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात पीकेयूचे नाव आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. पण देशात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या टाचेतला थेंब तपासणारा कार्यक्रम अजून आपल्याकडे नाही. बारसे कुठे, घुगऱ्या किती, जावळ कधी, हे घरात सर्वांनी मिळून ठरवले जाते. दोन दिवसांच्या बाळाची ही तपासणी झाली का, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत कोणाच्या तोंडी येत नाही. तो आजीने विचारला तरी चालेल. आणि मूल मागे पडलेच, तर सुनेच्या पायगुणाला किंवा ग्रहणात चिरलेल्या भाजीला बोल लावू नये, एवढे तरी पर्लबाईंची गोष्ट वाचलेल्याला कळावे.

आस्ब्यॉर्न फॉलिंग २४ जानेवारी १९७३ रोजी वारले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ मार्चला पर्लबाई गेल्या. त्यांच्या थडग्यावर इंग्रजी नाव नाही, चिनी लिपीतली अक्षरे आहेत. आपल्यामागे हिचे कोण करणार, हा वांग लुंगचा घोर त्यांनी स्वतःपुरता फेडला होता. आईनंतर कॅरोल आणखी एकोणीस वर्षे व्हाइनलंडला राहिली आणि १९९२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिथेच वारली. तोवर तिच्यासारख्या कितीतरी मुली टाचेतल्या त्या एका थेंबामुळे शाळेत गेल्या होत्या, शिकल्या होत्या, आया झाल्या होत्या.